सांगलीतल्या जुन्या घराची किंमत ठरवताना

आई गेल्यानंतर सांगलीचे घर आम्हा तिघा भावंडांच्या नावावर लागले. दादा आणि वहिनी पहिल्यापासून त्याच घरात राहतात, मी पुण्यात असते आणि धाकटा भाऊ दुबईला नोकरी करतो. दादाला घर ठेवायचे होते, आम्हा दोघांना आपला हिस्सा पैशाच्या रूपात चालणार होता आणि या मांडणीला कोणाचीच हरकत नव्हती. अडचण होती ती मूळ रकमेची, कारण हिस्सा पाडण्याआधी पूर्ण घराची किंमत ठरायला हवी होती. दादा म्हणाला, "अगं, तुला पटेल तसं विचार, बघ, हिशेब कर. मला फक्त उद्या कुणी म्हणायला नको की दादानं स्वस्तात घर घेतलं." धाकट्यालाही ते पटले, आणि कागद जमवण्याचे काम मी माझ्याकडे घेतले.

घर साधे आहे. मारुती चौकाच्या पुढे, जुन्या दाट वस्तीच्या हद्दीबाहेर जे प्लॉट पडले, त्यांतल्या एका गल्लीत वडिलांनी 1971 साली ते बांधले. पुढच्या तीन खोल्यांना दगडी जोते, विटांच्या भिंती आणि वर मंगलोरी कौले आहेत. मागे 1988 मध्ये स्लॅबचे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वाढवले. खरेदीखतात जागा 1,950 चौरस फूट, म्हणजे 181 चौरस मीटरच्या किंचित वर आहे, पण सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर क्षेत्र थोडे कमी भरते. वकिलांच्या सल्ल्यावरून आम्ही सगळा हिशेब कार्डावरच्या क्षेत्रावर करायचे ठरवले.

गल्लीत विचारल्यावर दोन टोकांची उत्तरे मिळाली. शेजारच्या रस्त्यावर नव्या इमारतीत फ्लॅट ज्या दराने गेले, त्या दराने आमची जागा गुणून काही जण मोठा आकडा सांगत होते. दुसरीकडे, "पुरातलं घर, ते कोण घेणार?" असे म्हणून काही जण जागेला जवळपास किंमतच देत नव्हते. दोन्ही उत्तरे आपुलकीने दिलेली होती. तिघांच्या हिश्श्यांचा पाया म्हणून त्यातले एकही घेता येत नव्हते.

फ्लॅटच्या दराचा विचार आधी केला, कारण धाकट्याच्या मनात तोच आकडा बसलेला होता. नव्या फ्लॅटच्या दरात जमिनीचा भाग असतो, तसाच बांधकामाचा खर्च, लिफ्ट, पार्किंग, परवानग्यांचे शुल्क, कर्जाचे व्याज आणि बिल्डरचा नफाही असतो, आणि तो दर बांधलेल्या चौरस फुटाचा असतो. तो उघड्या जमिनीच्या चौरस फुटाला लावायचा तर त्या जमिनीवर किती बांधता येते हे आधी पाहिले पाहिजे. राज्यात डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार, दाट वस्तीबाहेरच्या भूखंडासमोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ 1.10 एवढाच एफएसआय मिळतो, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या 1.10 पट बांधकाम करता येते. प्रीमियम भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचे हस्तांतरित बांधकाम हक्क, घेऊन तो वाढवता येत नाही. आमच्या गल्लीचा रस्ता मंजूर रेखांकनात 6 मीटरचा आहे. ज्या नव्या इमारतीचा दाखला सगळे देत होते ती कोपऱ्यावर, रुंद रस्त्याला लागून आहे. चालत दोन मिनिटांचे अंतर, पण जमिनीच्या दृष्टीने तो निराळा बाजार आहे. गल्लीतल्या जुन्या घरांच्या किमतीवर जे काही बोलले जाते त्यात हा रस्त्याच्या रुंदीचा मुद्दा जवळजवळ कधीच येत नाही, आणि माझ्या मते पहिल्यांदा विचारायचा प्रश्न तोच आहे.

त्यानंतर मी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आमच्या विभागाचा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला, दर पाहिला. मोकळ्या जमिनीचा आणि निवासी सदनिकेचा दर तिथे वेगवेगळा आणि चौरस मीटरमध्ये दिलेला असतो. आपल्याकडे सगळी बोलणी चौरस फुटात होत असल्याने 10.764 ने भागूनच तुलना करावी लागते. हे दर 2022 नंतर थेट 1 एप्रिल 2025 रोजी वाढले. शिवाय एका विभागात बरीच मोठी वस्ती येते, त्यामुळे रुंद रस्त्यावरचा प्लॉट आणि आतला प्लॉट यांतला फरक किंवा एखाद्या गल्लीत पाणी किती चढते हे त्या एका दरात पुरते उतरू शकत नाही. मुद्रांक शुल्कासाठी तो आधार योग्यच आहे. आम्ही त्याला आरंभबिंदू मानले.

खरा उपयोग झाला तो सूची क्रमांक 2 चा, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात त्याचा. झालेल्या व्यवहारांच्या या नोंदी संकेतस्थळावर शोधता येतात आणि त्यात मोबदला, म्हणजे दस्तात लिहिलेली रक्कम, व बाजारभाव, म्हणजे रेडी रेकनरवरून काढलेले मूल्य, असे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. मी आमच्या आणि लगतच्या गल्ल्यांमधले अलीकडचे व्यवहार काढून एका वहीत मांडले आणि प्रत्येकापुढे दादाकडून माहिती भरून घेतली. तिथे राहणाऱ्या माणसाशिवाय हे काम होत नाही. एका व्यवहारात मोबदला बाजारभावाएवढाच, रुपयाशी जुळणारा होता. तो चुलत भावांमधला निघाला. एक घर बँकेच्या लिलावात गेले होते. एक प्लॉट शेजारच्याच मालकाने घेतला होता, आणि लगतची जागा मिळवण्यासाठी माणूस चार पैसे जास्त देतो. हे तिन्ही बाजूला काढल्यावर जुने बैठे घर, अरुंद रस्ता आणि अनोळखी खरेदीदार या तिन्ही बाबतींत आमच्याशी जुळणारे फार थोडे व्यवहार उरले. पण विश्वास ठेवावा असे तेच होते.

सांगलीत मात्र एवढ्याने भागत नाही. पावसाळ्यात इथे माणसे एकमेकांना "पुलाजवळ किती फूट झालं?" असे विचारतात, आणि तो पूल म्हणजे आयर्विन पूल, हे सांगावे लागत नाही. तिथे 40 फुटांवर इशारा पातळी आणि 45 फुटांवर धोका पातळी मानतात. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी तिथे 57 फुटांवर गेले, जुलै 2021 मध्ये सुमारे 55 फुटांपर्यंत आले. पुलाजवळ किती फूट झाले की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते आणि किती झाले की उंबऱ्याला लागते, हे इथल्या प्रत्येक घराला पाठ असते. मी दादाबरोबर वहीतल्या प्रत्येक घरासमोर जाऊन ही उंबऱ्याची पातळी विचारून घेतली. तेव्हा दिसले की एकाच गल्लीत, एकाच मापाच्या दोन प्लॉटांच्या किमतीत जो फरक मला कळत नव्हता, त्याचे कारण उताराचा रस्ता होता. वरच्या टोकाच्या घरात 2021 साली पाणी शिरलेच नव्हते. आमचे घर मधल्या भागात येते. 2019 ला ओसरीपासून माजघरापर्यंत सगळीकडे पाणी होते, 2021 ला ते जोत्याच्या वर थोडेच आले.

फ्लॅटशी तुलना आणखी अवघड होते ती इथेच. नव्या इमारतीत तळमजल्यावर पार्किंग असते आणि राहण्याची सुरुवात पहिल्या मजल्यापासून होते, म्हणून पुरानंतरही तिथला दर टिकतो. बैठे घर सगळेच्या सगळे तळमजला असते. ते विकत घेणारा परका माणूस बहुधा ते पाडून उंच जोत्यावर नवे बांधणार, आणि त्या खर्चाचा अंदाज धरूनच तो जमिनीला भाव देणार. आमचा प्लॉट निळ्या आणि लाल पूररेषेच्या मध्ये येतो, हे आम्ही नकाशावरून तपासून घेतले. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते; दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात ते करता येते, मात्र जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच घ्यावे लागते. आमच्या जमिनीची किंमत शून्य नाही याचा हा लेखी आधार होता, आणि ती कोपऱ्यावरच्या प्लॉटएवढी नाही याचाही.

बांधकामाची पाहणी सरकारमान्य व्हॅल्युअरनी केली. ते मापे घेऊन लगेच निघाले नाहीत. माजघराच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागला आहे, तिथला गिलावा त्यांनी किल्लीने खरवडला आणि भुगा हातावर घेऊन पाहिला. त्यामागची वीट त्यांनी दोन-तीन ठिकाणी ठोकून ऐकली. ती शाबूत होती. कौलांखालच्या सागवानी तुळया त्यांना चांगल्या वाटल्या, वाळवी फक्त एका दाराच्या चौकटीत सापडली. आमच्या सगळ्यांच्या नजरेत जो भाग नवा होता त्या मागच्या स्लॅबखाली मात्र न्हाणीघराच्या कोपऱ्यात काँक्रीट सुटून गंजलेले गज दिसत होते. "ताई, पुढचा भाग जुना आहे पण नीट राखलाय. दुरुस्ती आधी मागच्या स्लॅबला लागेल," असे त्यांनी सांगितले. घराच्या वयावरून सरसकट घसारा धरला असता तर ही गोष्ट उलटी नोंदली गेली असती. आपले घर कोणी इतक्या बारकाईने पाहिले, याचे मला फार समाधान वाटले.

रकमा घरच्या आहेत, म्हणून इथे प्रमाण तेवढे देते. रेडी रेकनरप्रमाणे जमिनीची किंमत 100 धरली, तर फ्लॅटच्या दराने काढलेला आकडा 270 च्या आसपास जात होता. उरलेल्या व्यवहारांवरून, रस्ता आणि उंबऱ्याची पातळी यांची तफावत धरून, अहवालात जमीन 108 आणि बांधकाम 14 आले, एकूण 122. धाकट्याने व्हिडिओ कॉलवर तासभर प्रत्येक नोंद विचारून घेतली आणि मग तो आकडा मान्य केला. त्यानेच पुढे सुचवले की 2019 नंतर दादाने स्वतःच्या पैशाने जे केले, म्हणजे वीजजोडणी वर उचलली, फरशी बदलली, पुढच्या भिंतींचा गिलावा नवा केला, त्याची किंमत दादाकडूनच पुन्हा घेणे बरोबर नाही. बिले वहिनींनी जपून ठेवली होती. व्हॅल्युअरनी त्या कामांची आजची किंमत 4 धरली आणि आम्ही वाटणी 118 वर केली.

कराचा, म्हणजे हिस्सा देऊन झालेल्या नफ्यावरच्या भांडवली लाभ कराचा, भाग थोडक्यात सांगते. घर 2001 च्या आधीचे असल्याने 1 एप्रिल 2001 रोजीचे मूल्य खरेदीकिंमत म्हणून धरता येते, मात्र त्या तारखेचे मुद्रांक शुल्कासाठीचे मूल्य उपलब्ध असेल तर त्यापेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणून त्या तारखेचा वेगळा अहवालही करून घेतला. मी भारतात राहत असल्याने 12.5 टक्के साध्या दराने किंवा खरेदीकिंमत महागाई निर्देशांकाने वाढवून 20 टक्के दराने, यांपैकी ज्यात कर कमी बसेल तो हिशेब मला घेता आला. धाकटा अनिवासी असल्याने त्याला 20 टक्क्यांचा पर्याय नव्हता, त्यामुळे समान हिश्श्यातून त्याच्या हाती थोडे कमी आले. हा फरक कोणी भरून काढायचा का, यावर आम्ही बोललो. "कर ज्याचा त्यानं भरायचा, त्यासाठी दादाचा भार वाढवायचा नाही," असे त्यानेच सांगितले.

दादा रक्कम दोन टप्प्यांत देणार होता. पहिला टप्पा दस्ताच्या दिवशी आणि दुसरा त्याचे गृहकर्ज मंजूर झाल्यावर, असे दस्तातच लिहून घेतले. दस्त नोंदवला गेला, दोन्ही टप्पे पूर्ण झाले आणि प्रॉपर्टी कार्डावर आता दादाचे एकट्याचे नाव आहे. आमचा हा व्यवहारही सूची क्रमांक 2 मध्ये गेला आहे. गल्लीतल्या कोणाला उद्या घराची किंमत काढायची असेल आणि ही नोंद समोर आली, तर ती भावंडांमधली आहे, तिच्यातून दादाने केलेल्या कामांची वजावट झालेली आहे, आणि उंबऱ्याची पातळी विचारल्याशिवाय तो दर दुसऱ्या घराला लावू नये, एवढे दादा त्यांना सांगेल.