आबांचा नवा खुराक

रविवार, रात्री साडेदहा

आठवडाभर पावसाने उसंत दिली नाही. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, पंचगंगा पात्राबाहेर आली आणि घरातलं सगळं सादळलं. पापड, चुरमुरे, काडेपेटी, आणि खोकं उघडून ठेवलेले गव्हाच्या कोंड्याचे फ्लेक्ससुद्धा. चुरमुरे कढईत परतले की परत कुरकुरीत होतात. फ्लेक्सवर तेवढी मेहनतही नको, कारण मफिनसाठी ते दुधात भिजवून मऊच करायचे असतात. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे फ्लेक्सचा एक तुकडाही वाया जात नाही.

आज दुपारी मिनी मफिनचा घाणा काढला. हे सगळं आबांसाठी चाललंय, तेव्हा त्यांच्याबद्दल आधी लिहितो.

आबा तालमीत वाढले. पहाटे जोर-बैठका, मग आखाड्यातली लाल माती, आणि अंग पुसून झालं की खुराक. बदामाची थंडाई, तूप, मटण आणि दूध. त्या वयात, तेवढ्या मेहनतीला तो खुराक लागायचाच. आता आबा पंचाहत्तरीला टेकलेत. गुडघे दुखतात, वजन नव्वदीच्या पुढे गेलंय, साखर काठावर आहे. जोर-बैठका कधीच सुटल्या, भूक मात्र पैलवानाचीच राहिली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, वजन उतरवा, पण मांड्यांमधली ताकद जाऊ देऊ नका, नाहीतर गुडघे आणखी बोलायला लागतील. म्हणजे तेल, तूप, साखर कमी आणि प्रथिनं भरपूर.

नुसतं जेवण कमी करून हे जमत नाही. या वयात उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि गेलेला स्नायू परत मिळवणं फार कठीण असतं. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२० च्या शिफारशीत प्रौढ माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वयस्कर माणसांना १ ते १.२ ग्रॅम मिळावीत असं या विषयातले बरेच तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हा हिशेब बदलतो. म्हणून आधी आबांच्या रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारं माप) तपासून घेतलं, डॉक्टरांचा होकार घेतला आणि मगच प्रथिनांचा डबा घरात आणला. हे घरोघरी असंच व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मफिनच का, तर आबांना संध्याकाळी पाच वाजता काहीतरी तोंडात टाकायला लागतं. खारी, बटर, फरसाण, जे हाताला येईल ते. ती वेळ सांभाळली की अर्धं काम झालं. शिवाय दाढा गेल्यामुळे भाजलेले हरभरे, फुटाणे आता चावत नाहीत. मऊ, घासाएवढं आणि हातात धरून खाता येईल असं काहीतरी हवं होतं.

फ्लेक्स निवडताना मी खोक्याच्या पुढच्या बाजूचं काही वाचत नाही. मागचा तक्ता बघतो, त्यातही दर १०० ग्रॅमचा रकाना. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये १०० ग्रॅमला जेमतेम ७-८ ग्रॅम प्रथिनं, आणि मक्याचा कोंडा व अंकुर काढून टाकलेला असल्यामुळे तंतू अगदीच थोडे. चॉकलेटवाल्या प्रकारांत तर पाव हिस्सा साखरच निघते. कोंडा असलेले गव्हाचे फ्लेक्स त्या मानाने बरे: प्रथिनं ११ ग्रॅमच्या आसपास, आणि तंतूंमुळे पोट बराच वेळ भरलेलं राहतं. गंमत अशी की फ्लेक्सचा जन्मही आजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातलाच. अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात केलॉग बंधूंनी १८९४ मध्ये शिजवून शिळा झालेला गहू लाटला आणि त्याच्या पातळ पापड्या सुटल्या. मक्याची पाळी नंतर आली. पुढे बाजाराने त्यात साखर ओतली. आमच्या ओट्यावर ते परत पथ्याच्या कामाला लागलेत, याचा मला आनंद आहे.

आजचं माप लिहून ठेवतो, चोवीस मिनी मफिनचं.

१०० ग्रॅम फ्लेक्स हाताने चुरडून १२० मिली साय काढलेल्या दुधात दहा-पंधरा मिनिटं भिजवले. कोंडा पाणी सावकाश पितो. ही वेळ दिली नाही तर तो ओव्हनमध्ये गेल्यावर मिश्रणातलं पाणी ओढून घेतो आणि मफिन कोरडे पडतात. तोवर ६० ग्रॅम ओट्स मिक्सरला फिरवून पीठ केलं. त्यात डब्यातलं बिनवासाचं व्हे प्रोटीन (दुधाच्या प्रथिनांची भुकटी) ३० ग्रॅम, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि जायफळ. दुसऱ्या भांड्यात १२० ग्रॅम चक्का, एक अख्खं अंडं, आणखी दोन अंड्यांचा पांढरा बलक आणि एक छोटं, पूर्ण पिकलेलं जवारी केळं कुस्करून. गोडी तेवढीच, वेगळी साखर नाही. चक्क्याच्या आंबटपणाने सोडा फुलतो, म्हणून ओलं आणि कोरडं एकत्र केल्यावर वेळ न दवडता साच्यात भरलं. साच्याला तेलाचा हात लावायला एक छोटा चमचा तेल.

गूळ घाल की, असं शेजारच्या काकू दरवेळी सांगतात. कोल्हापूरचा गूळ, त्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. अभिमान मलाही आहे. पण १०० ग्रॅम गुळात जवळजवळ साखरेइतक्याच कॅलरी असतात आणि रक्तातली साखर तोही वाढवतो. गूळ पोळीबरोबर सणाला. पाच वाजताच्या खाण्यात नाही.

चक्का घरचाच. साय काढलेल्या दुधाचं दही रात्री फडक्यात टांगलं की सकाळी घट्ट चक्का तयार. खाली जमलेली निवळी भाकरीच्या पिठात जाते. डब्यातलं व्हे म्हणजे तरी काय, चीज करताना सुटलेली निवळी गाळून, आटवून, वाळवून केलेली भुकटी. हे आबांना सांगितल्यापासून त्यांचा त्या डब्यावरचा राग निम्मा झाला. आधी ते त्याला ‘औषधाची पूड’ म्हणायचे.

या पुडीचा स्वभाव मात्र ओळखावा लागतो. मैद्याच्या जागी ती सरसकट घातली तर मफिन रबरासारखे होतात. व्हेमधली प्रथिनं साधारण सत्तर अंशांच्या पुढे आवळायला लागतात आणि आवळताना पाणी बाहेर ढकलतात. म्हणून कोरड्या जिनसांत तिचा वाटा थोडाच ठेवायचा, जोडीला चक्का आणि केळं यांचा ओलावा द्यायचा, आणि आच बेताची. मी १७० अंशांवर अकरा-बारा मिनिटं भाजतो. मध्यभाग बोटाला किंचित मऊ लागतोय तोवरच ट्रे बाहेर. उरलेलं काम साच्यातली ऊब करते. मिनी साच्याचा खरा फायदा इथेच आहे. मोठ्या मफिनचा मध्य शिजेपर्यंत कडा वाळून जातात, तर या छोट्या वाटीत उष्णता मध्यापर्यंत पटकन पोचते आणि सगळं एकदमच होतं. आणि किती खाल्ले हे मोजायलाही सोपं.

आता हिशेब. सगळ्या घाण्याच्या साधारण १०४० कॅलरी आणि ७२ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे एका मफिनला ४३ कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रथिनं. चक्का जास्त-कमी घट्ट झाला की आकडे थोडे हलतात, पण फार नाही.

आबांनी चष्मा लावून वहीतलं हे सगळं वाचलं आणि म्हणाले, “दुधानं कुणाचं वाईट झालंय का रं आजवर?”

हा प्रश्न साधा नाही. गंगावेशीतला दूध कट्टा आबांच्या आयुष्याचा भाग आहे. समोर म्हैस बांधलेली, डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात. कोल्हापुरात पैलवान घडले ते या दुधावर. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं मैदान बांधलं, कुस्तीला मान दिला, आणि खुराक ही इथे पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेची गोष्ट झाली. ती श्रद्धा मला मोडायची नाही. म्हणून मी वाद घातला नाही, वहीच्या पुढच्या पानावर दोन ओळी लिहिल्या. म्हशीच्या दुधाचा पाव लिटरचा पेला: अडीचशेच्या आसपास कॅलरी, ९ ग्रॅम प्रथिनं. सहा मिनी मफिन: २६० कॅलरी, १८ ग्रॅम प्रथिनं. कॅलरी जवळपास सारख्याच, प्रथिनं दुप्पट. दुधात राहिलेल्या बहुतेक कॅलरी फॅटच्या, आणि ते फॅट जिरवायला आता रोजच्या हजार बैठका नाहीत.

आबा बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत होते. मग म्हणाले, “वस्ताद हेच सांगायचा. मेहनत बघून खुराक. मेहनत तुटली की खुराक तोडायचा, न्हाईतर अंग सुटतं.”

मी हिशेबाची एवढी पानं भरली, आणि वस्तादांनी ते साठ वर्षांपूर्वी मातीत उभं राहून सांगून ठेवलं होतं. आहारशास्त्र तालमीत होतंच. कुस्ती सुटल्यावर काय खायचं हे मात्र कुणी पुढे नेलं नाही, आणि म्हणून आमच्या पेठेत आबांच्या वयाचे कितीतरी जुने पैलवान आज काठी टेकत चालतात. ते बघून मला वाईट वाटतं. हे मफिन त्यांच्याही घरी व्हावेत, म्हणून माप इतकं बारकाईनं लिहून ठेवतोय.

गंगावेशीतला पेला पूर्ण बंद केलेला नाही. रविवारी सकाळी एक, पायी जाऊन पायी परत. तेवढं ठरलंय, डॉक्टरांनाही मान्य आहे. बाकीच्या दिवशी पाच वाजता चार मफिन आणि बिनसाखरेचा चहा.

साठवणीचं एक. केकमधली साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे तो टिकतो. आपल्या मफिनमध्ये साखर नाही आणि ओलावा भरपूर, त्यात ही हवा. बाहेर ठेवले तर दुसऱ्या दिवशीच बुरशी धरायची भीती. गार झाल्याबरोबर डब्यात घालून फ्रिजमध्ये, तिथे तीन-चार दिवस चांगले राहतात. जास्त केले असतील तर फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि लागतील तसे काढून दोन मिनिटं तव्यावर झाकून गरम करायचे.

संध्याकाळी आबांनी चार खाल्ले. “मऊ हाईत, ब्येस झाल्यात,” म्हणाले. मग डबा बंद करता करता, “पण रोज रोज ग्वाड कशाला? जरा तिखट कर की.”

रास्त आहे. कोल्हापूरच्या माणसाला रोज वेलदोडा किती दिवस पुरणार? पुढच्या घाण्यात केळं आणि वेलदोडा बाद. त्याजागी बारीक चिरलेली मेथी, किसलेला कांदा पिळून, आणि एक चमचा कांदा-लसूण चटणी. ओट्सचं निम्मं पीठ काढून डाळ्याचं पीठ घालेन, त्याने प्रथिनंही थोडी वाढतील. केळ्याचा ओलावा जाणार, तेव्हा चक्का दोन चमचे जास्त. चटणीत मीठ असतंच, वेगळं नको. बुधवारी करायचं ठरलंय, म्हणजे मंगळवारी रात्री दही टांगायला हवं.