जवारीपाशी बसून केलेला अभ्यास

मानवशास्त्राच्या एम.ए.ला प्रबंधिकेचा विषय ठरवताना मी मिरजेतले तंतुवाद्यांचे कारागीर निवडले. मी सांगलीचा; माणसांचा अभ्यास करायला दूरच्या पाड्यावरच जावे लागते, ही समजूत मला कधीच पटली नाही.

शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत वाद्यदुरुस्तीला हात घातला आणि पुढच्या पिढ्यांनी येथील सतार व तंबोरा देशभर पोचवला; २०२४ मध्ये दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढे ग्रंथालयात बसूनही कळते. जवारी मात्र तिथे कळत नाही. जवारी काढायची म्हणजे घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने घासून त्याला इतका हलका उतार द्यायचा, की छेडलेली तार त्याला ओझरती लागत राहील आणि सूर भरदार होईल. तंबोऱ्यात तर पुढे तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवून नेमकी जागाही शोधायची. 'किती घासायचे?' असा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत होता. ज्येष्ठ कारागीर म्हणाले, "ते सांगून नाही कळत. बसा इथं."

बसल्यावर दिसले ते असे. मुलगा कानस फिरवायचा, भुगा फुंकायचा, तार चढवून छेडायचा. वडील हातातले काम न थांबवता ऐकायचे आणि नुसती मान हलवायचे, की तो पुन्हा तार उतरवायचा. शिकवण्याचा एकही शब्द नाही, पण शिकवणे अखंड चाललेले. माझ्या टिपणवहीतील सर्वांत मोलाची पाने या न बोललेल्या गोष्टींची आहेत.

मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९१५ ते १९१८ या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर दीर्घ मुक्काम केला आणि तेथील लोकांची भाषा शिकून घेतली. सहभागी निरीक्षणाची, म्हणजे लोकांमध्ये राहून त्यांचे जगणे टिपण्याची, शिस्त त्यातून घडली. आपल्याकडे डेक्कन कॉलेजमध्ये काम करताना इरावती कर्वे गावोगाव हिंडल्या. हा वारसा असताना क्षेत्रकार्य म्हणजे चार दिवसांची सहल आणि भरून आणलेले तक्ते, असे होणे मला फार खटकते. अभ्यासक्रमात किमान एक पूर्ण सत्र एकाच ठिकाणी राहण्यासाठी मोकळे ठेवायला हवे.

कारण बसल्याशिवाय पुढचा प्रश्नही सुचत नाही. कोणाला खुली, जास्त झंकारणारी जवारी हवी असते, कोणाला बंद, म्हणजे कमी झंकाराची. गवई येतो, ऐकतो, परत घासायला सांगतो. मग हे कौशल्य कारागिराच्या हातात किती आणि गवयाच्या कानात किती, याचा शोध मी आता दुकानात येणाऱ्या कलावंतांशी बोलून घेतो आहे.