तुम्ही विचारलंत म्हणून : दोन पांढऱ्या पुड्या

रसायनशास्त्र शिकवतो असे सांगितले की लग्नाच्या पंगतीपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत कुठेही एक प्रश्न ठरलेला असतो : "दोन पांढऱ्या पुड्या समोर ठेवल्या, तर चव न घेता कुठली कशाची हे तुम्हाला कळतं कसं?" चव आम्ही कधीच घेत नाही. कळते ते नेमक्या निरीक्षणाने, आणि नेमके म्हणजे काय हे समजायला माझी अर्धी नोकरी गेली.

शेजारच्या काकूंनी एकदा लेबल गळून पडलेल्या दोन बरण्या आणल्या. एकीत खाण्याचा सोडा होता, दुसरीत धुण्याचा. काकूंनी दोन्हींवर लिंबू पिळून पाहिले होते आणि दोन्ही फसफसले होते. त्यांचे निरीक्षण अगदी खरे होते; पण जे दोघांनाही लागू पडते ते दोघांना वेगळे करू शकत नाही. मी दोन्हींची चिमूट चिमूट वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत थंड पाण्यात विरघळवली आणि फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कधर्मी द्रावणात गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब टाकले. एक द्रावण गडद गुलाबी झाले, दुसऱ्यावर जेमतेम छटा आली. आता 'जेमतेम' हा शब्द भांडणाचा आहे, म्हणून नव्या द्रावणांत मॅग्नेशियम सल्फेट घातले. धुण्याच्या सोड्यात, म्हणजे सोडियम कार्बोनेटात, तत्काळ पांढरा अवक्षेप (न विरघळणारा साका) आला. खाण्याच्या सोड्याचे द्रावण थंड असेतो नितळ राहिले आणि उकळल्यावर गढुळले, कारण उष्णतेने त्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कार्बोनेट उरते. कोरडा खाण्याचा सोडा तापवला तरी हेच घडते : नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात आणि बाहेर पडणारा वायू चुन्याची निवळी दुधाळ करतो.

प्रात्यक्षिकाच्या वहीत कृती, निरीक्षण आणि अनुमान असे तीन रकाने असतात. विद्यार्थी मधला रकाना घाईने भरतात, आणि 'पारदर्शक' व 'रंगहीन' हे शब्द एकाच अर्थाने वापरतात. मोरचुदाचे द्रावण पारदर्शक असते, पण रंगहीन मुळीच नसते. सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइडचा जो अवक्षेप येतो त्याला नुसता 'पांढरा' म्हणून भागत नाही. तो दह्यासारखा गुठळ्यांचा असतो आणि अमोनियाच्या द्रावणात विरघळतो, हे दोन्ही लिहावे लागते.

हे उपदेश मी करतो खरे, पण बी.एस्सी.च्या परीक्षेत मीच आपटलो होतो. ज्योतीच्या रंगावरून पुडीतला धातू ओळखायचा होता. पुडीतला क्षार लावलेली तार ज्योतीत धरली, ज्योत पिवळी झाली, आणि मी निरीक्षणाच्या रकान्यात सरळ 'सोडियम' लिहिले. परीक्षकांनी काही न बोलता कोबाल्टची निळी काच माझ्या डोळ्यांपुढे धरली. पिवळा रंग काचेने अडवला आणि मागे जांभळट लाल ज्योत दिसली : पुडी पोटॅशियम क्लोराइडची होती. पिवळेपणा बहुधा माझ्या घामेजल्या बोटांचा होता, कारण सोडियम अत्यल्प असले तरी ज्योत पिवळी करते. (पिवळ्याने फसण्याची धास्ती मोठ्या शास्त्रज्ञांनाही असते. १८६८ च्या सूर्यग्रहणाच्या सुमारास सूर्याच्या वर्णपटात तोवर अज्ञात असलेल्या हेलियमची जी पिवळी रेषा दिसली ती ५८७.६ नॅनोमीटरवर होती आणि सोडियमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ वर असतात. एवढ्याशा अंतराकडे काणाडोळा झाला असता, तर हेलियम सोडियम म्हणूनच खपले असते. पृथ्वीवर ते रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांना १८९५ मध्ये सापडले.)

आता माझ्या प्रयोगशाळेत पहिली नोंद कोऱ्या तारेची असते. तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीत धरायची, आणि ज्योतीला कसलाही रंग येईनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा तेच करायचे. त्या नोंदीखाली माझी सही झाल्याखेरीज नमुन्याची पुडी कोणालाही मिळत नाही.