ऑफलाइन पेटीची पुढची नोंद: रास्पबेरी पायच्या जागी जुना लॅपटॉप

वस्तीतल्या अभ्यासिकांसाठी चाललेल्या ऑफलाइन पेटीत, म्हणजे इंटरनेट नसताना वायफायवरून विकिपीडिया आणि धडे दाखवणाऱ्या सर्व्हरमध्ये, या खेपेला एकच मोठा बदल आहे. सर्व्हर म्हणून लावलेला रास्पबेरी पाय ४ हा छोटा एका बोर्डाचा संगणक काढला आणि तिथे थिंकपॅड एक्स२३० हा जुना लॅपटॉप बसवला. वरचं सॉफ्टवेअर तेच राहिलं: विकिपीडिया आणि शब्दकोशांसाठी किविक्स, धडे आणि सरावासाठी कोलिब्री.

अशा पेट्या सॉफ्टवेअरमुळे क्वचितच बंद पडतात. वीज जाते, लिहिता लिहिता मेमरी कार्ड मरतं, घड्याळ मागे पडतं, कुणीतरी चार्जर काढून मोबाइल लावतं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवतात हे सगळ्यांना पाठ आहे, आणि शुक्रवारी सकाळी किल्लीवाले काका दार उघडतात तेव्हा पेटी आपोआप चालू झालेली असायला हवी. काकांनी कुणाला फोन करायची वेळ आली, तर ती पेटी महिनाभरात कपाटावर जाते.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणजे यूपीएस फुकटात मिळतो. स्वतःचं घड्याळ असतं. साटा डिस्क थेट बसते, मधे यूएसबीचा अडॅप्टर नको. वीज जास्त खातो हे खरं, पण स्क्रीन बंद ठेवून एक्स२३० नुसता बसलेला असला तर साधारण ७-८ वॅट घेतो. दिवसरात्र चालू ठेवला तरी महिन्याला सहाएक युनिट. तेवढं परवडतं.

सर्व्हरच्या लॅपटॉपची मांडणी

बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) कॉन्फिग, मग पॉवर, आणि तिथे ‘पॉवर ऑन विथ एसी अटॅच’ चालू करा. डेल लॅटिट्यूडमध्ये याच कामाचा पर्याय ‘वेक ऑन एसी’ नावाने सापडतो. बॅटरी पूर्ण संपून यंत्र बंद पडलं तरी वीज आली की ते स्वतः उठतं. हा पर्याय नसलेलं मॉडेल सर्व्हरसाठी घेऊच नका, ते मुलांच्या टेबलावर द्या.

झाकण मिटल्यावर यंत्र झोपू नये म्हणून लिनक्समधल्या सिस्टमडी-लॉगिनडी या सेवेच्या सेटिंगमध्ये झाकणाची कृती ‘इग्नोर’ करावी लागते. हे करायचं राहिलं तरी सगळं नीट चालतं, फक्त शेवटी झाकण मिटलं की पाच मिनिटांत वायफायवरची पानं गायब होतात आणि लोक राउटरला दोष देतात.

कायम चार्जरवर असलेली बॅटरी १०० टक्क्यांवर ठेवली की फुगण्याचा धोका वाढतो. टीएलपी हे बॅटरी सांभाळणारं साधन टाकून चार्ज ७५ ला सुरू आणि ८० ला बंद असा ठेवा. फुगलेली बॅटरी दिसली तर दाबू नका, टोचू नका, आणि ‘अजून चालतेय ना’ म्हणून ठेवूही नका. काढून, टोकांना चिकटपट्टी लावून, नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. भंगारवाल्याच्या हातगाडीवर तिला जागा नाही.

किविक्स आणि कोलिब्री या दोन्ही सेवा सिस्टमडीखाली (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेखाली) लावून ‘बंद पडली तर पुन्हा सुरू कर’ हे सांगून ठेवलं आहे. त्यात एक ओळ विसरू नये: मजकूर डिस्कच्या वेगळ्या भागावर (पार्टिशनवर) असेल तर ते पार्टिशन जोडलं गेल्यावरच सेवा सुरू व्हावी अशी अट घाला. नाहीतर कोलिब्री रिकामा फोल्डर बघून पहिल्यापासून मांडामांड करायला बसतं, आणि शिक्षकांना वाटतं की मुलांची प्रगती पुसली गेली. ती असते तिथेच, फक्त दिसत नाही.

आणखी एक टक्कर पोर्टची, म्हणजे प्रत्येक सेवेच्या दाराच्या क्रमांकाची. कोलिब्री मुळात ८०८० वर बसतं. किविक्स-सर्व्हलाही (किविक्सच्या सर्व्हरलाही) सवयीने ८०८० दिलं की जो नंतर उठेल तो उठतच नाही. किविक्सला ८०९० द्या आणि ८० वर एक साधं मराठी मुखपृष्ठ ठेवा, त्यावर दोन मोठी बटणं पुरतात.

ज्यांच्याकडे अजून रास्पबेरी पाय आहे त्यांच्यासाठी

पाय टाकून देण्याची गरज नाही, चार गोष्टी सांभाळा. पुरवठा ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचाच हवा. मोबाइलचा चार्जर आणि लांब केबल लावली की व्होल्टेज पडतं, ते ४.६३ व्होल्टच्या आसपास आलं की बोर्ड इशारा देतं आणि वेग कमी करतं. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, त्यामुळे एसएसडीबरोबर दुसरं काही लटकवू नका.

मेमरी कार्ड वाचवायला ओव्हरले फाइलसिस्टम (बदल कार्डाऐवजी रॅममध्ये ठेवणारी सोय) चालू केली तर कार्डावर लिहिणं थांबतं. पण मग कोलिब्रीचा डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर हलवावा लागतो, नाहीतर प्रत्येक रीस्टार्टला मुलांची खाती धुऊन निघतात.

पाय ४ ला घड्याळ नाही. इंटरनेट नसताना वीज गेली की तो जुन्याच वेळेत जागा होतो आणि कोलिब्रीत आजचा सराव मागच्या तारखेला चढतो. डीएस३२३१ चं घड्याळाचं मॉड्यूल लावा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या झेडएस-०४२ बोर्डावर एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर मिळून बॅटरी चार्ज करायचं सर्किट असतं. त्यात चार्ज न होणारी सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बसवून ५ व्होल्ट दिले तर ती गळू किंवा फुगू शकते. ३.३ व्होल्टच्या पिनवरून पुरवठा द्या, आणि खात्रीच हवी तर तो रेझिस्टर उपसून टाका.

टेबलावरचे लॅपटॉप

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय व इंटेल प्रोसेसरची साधारण आठवी पिढी लागते. त्यामुळे हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतून निघालेली तिसऱ्या ते सातव्या पिढीची यंत्रं आता ढिगाने येताहेत. माल चांगला आहे, पण डोळे उघडे ठेवून घ्या.

घेताना आधी बायोस उघडून बघा. पासवर्ड मागितला तर तिथेच परत करा. मग कॉम्प्युट्रेसची (चोरीला गेलेलं यंत्र शोधणाऱ्या व्यवस्थेची) स्थिती ‘कायमस्वरूपी चालू’ आहे का ते पाहा. असेल तर देणाऱ्या कंपनीकडून लेखी सोडवणूक घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत बायोसची चिप बदलून देणारे सापडतात, पण दान आलेल्या यंत्रावर तो खर्च करण्यात अर्थ नाही.

एक्स२३० आणि टी४३० ला गोल टोकाचा २० व्होल्ट, ६५ वॅटचा चार्जर लागतो. एक्स२४०, टी४४० पासून चौकोनी टोक आलं. डेलचा १९.५ व्होल्टचा, आणि त्याच्या टोकात मधोमध एक बारीक ओळखपिन असते. ती वाकली किंवा आतली तार तुटली की यंत्र चालतं, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम रांगतो. ‘डेल फारच हळू आहे’ अशी तक्रार आली की रॅम बघायच्या आधी चार्जर बदलून बघा.

रॅम ८ जीबी करा. ४ जीबीवर लिनक्स छान चालतं, ब्राउझर चालत नाही. दोन-तीन टॅब उघडले की डिस्कचा दिवा लागून राहतो. नाइलाज असेल तर झेडरॅम (रॅममध्येच माहिती दाबून ठेवणारी सोय) लावा, निम्म्या रॅमएवढं. तिसऱ्या पिढीच्या यंत्रांना १.५ व्होल्टची डीडीआर३ आणि १.३५ ची डीडीआर३एल दोन्ही चालतात. चौथ्या पिढीला डीडीआर३एलच हवी, नाहीतर काळा पडदा. एक्स२४० ला रॅमची एकच खाच आहे हेही घेताना लक्षात ठेवा. एक्स२३० मध्ये ७ मिलिमीटर जाडीचीच डिस्क बसते, जुनी ९.५ ची हार्ड डिस्क कोंबू नका.

डिस्क तपासताना स्मार्टच्या (डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या) यादीत क्रमांक ५, १९७ आणि १९८ बघायचे, ते खराब झालेल्या जागांचे आकडे असतात. १९७ शून्य नसेल तर ती डिस्क मुलांच्या यंत्रात नको. दात्याचा डेटा पुसणं हे आपलं काम आहे असंच धरून चाला, त्याने पुसलाय म्हणाला तरी. हार्ड डिस्कवर एकदा शून्यं फिरवली की पुरे. ५०० जीबीला दीड-दोन तास लागतात. एसएसडीला तसं करू नका, तिचा स्वतःचा सिक्युअर इरेज वापरा. ‘फ्रोझन’ म्हणून आज्ञा नाकारली गेली, तर यंत्र एकदा झोपवून उठवा. बहुतेक वेळा कुलूप सुटतं.

उघडलंच आहे तर पंखाही साफ करा. धूळ पंख्यावर कमी आणि पंखा व तांब्याच्या पात्यांच्या मधे जास्त साचते, तिथे नमदाच तयार होतो. नुसती हवा मारून तो निघत नाही, पंखा सोडवून चिमट्याने ओढावा लागतो. प्रोसेसरवरची उष्णता वाहणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवीन मुगाच्या दाण्याएवढीच लावा.

प्रणाली म्हणून डेबियन लिनक्स आणि मेट डेस्कटॉप. कुणी फारच जुनं ३२-बिटचं यंत्र आणून दिलं तर ते नम्रपणे नाकारा: ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये त्याचा इन्स्टॉलरच नाही. एक्सएफसीई हा डेस्कटॉप थोडा हलका आहे, तरी मेट निवडण्याचं कारण ऑर्का. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी हा स्क्रीन वाचक मेटवर कमी कटकटीत चालतो, आणि मजकूर बोलून दाखवणाऱ्या ईस्पीक एनजीमध्ये मराठी आवाज आहे. आवाज यांत्रिक आहे, कानाला सवय लागेपर्यंत वेग कमी ठेवा.

मराठी दिसणं, लिहिणं, शोधणं

प्रत्येक यंत्र देण्याआधी एक चाचणी: ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘ॲप’, ‘लक्ष्य’ आणि ‘शाळा’ लिहून बघा. ‘ऱ्य’ तुटला किंवा ‘ॲ’ च्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ आलं तर फॉन्ट जुना आहे. ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर पानाची भाषा मराठी म्हणून सांगितलेली नाही, किंवा फॉन्टमध्ये मराठी रूपंच नाहीत. नोटो आणि मुक्ता हे दोन्ही फॉन्ट टाकून ठेवा.

कळफलक इनस्क्रिप्ट ठेवावा की उच्चारी, यावर वाद घालत बसू नका, दोन्ही द्या. स्पर्धा परीक्षा आणि टंकलेखनवाले इनस्क्रिप्ट मागतात, शाळेतली मुलं उच्चारी. अभ्यासिकेच्या जुन्या नोट्स बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्या युनिकोडमध्ये बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी एकदा डोळ्यांनी तपासा, परिवर्तक तिथेच चुकतात.

किविक्सचा शोध झापियन या शोधयंत्रणेवर चालतो आणि त्याला मराठी विभक्ती सोडवता येत नाही. ‘शाळेत’ शोधलं तर ‘शाळा’ सापडेलच असं नाही. मुखपृष्ठावर शोधपेटीच्या खालीच लिहून ठेवलं आहे: मूळ शब्द टाका, प्रत्यय नको. या एका ओळीने शिक्षकांच्या अर्ध्या शंका मिटतात.

मजकूर

मराठी विकिपीडिया आणि विक्शनरी पूर्ण. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट १०० जीबीच्या वर जातो. २४० जीबीच्या डिस्कवर तो घ्यायचा हट्ट सोडा, बिनचित्रांची आवृत्ती घ्या. फेट या प्रकल्पाची विज्ञानाची सिम्युलेशन्स (पडद्यावरचे प्रयोग) मराठीतही आहेत, आणि खरं सांगायचं तर मुलं सगळ्यात जास्त तिथेच रमतात. लहानांसाठी कोलिब्रीत प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरच्या गोष्टी आहेत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ म्हणून मोफत उतरवता येतात, पण मोफत म्हणजे हक्कमुक्त नव्हे. पेटीत वाटण्याआधी परवानगी मागा.

मजकूर घरच्या इंटरनेटवर उतरवायचा, फाइल पूर्ण आली का हे बघायला बेरजेची खूण (चेकसम) जुळवायची, आणि डिस्कवरून अभ्यासिकेत न्यायचा. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची झिम (किविक्सच्या मजकुराची) फाइल चढतच नाही, एक्सफॅट करा. नव्या फाइलच्या नावात नवी तारीख असते, त्यामुळे किविक्स-मॅनेज या आज्ञेने यादीत ती पुन्हा घालावी लागते. नवी उघडून बघितल्याशिवाय जुनी पुसू नका.

वायफाय

लॅपटॉपच्या वायफायवरून हॉटस्पॉट करू नका. साधा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा, लॅपटॉप त्याला तारेने जोडा आणि त्याचा पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून टाका. पेठांमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी भयंकर आहे. एकाच खोलीचं काम असेल तर ५ गिगाहर्ट्झ.

खरी डोकेदुखी अँड्रॉइड फोनची. या वायफायला इंटरनेट नाही हे कळताच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि पेटीचं पान उघडत नाही. सर्व्हरवर युक्त्या करून हे थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. भिंतीवर क्यूआर कोड आणि त्याच्या वर ठळक अक्षरांत ‘आधी मोबाइल डेटा बंद करा’ एवढंच सगळ्यात टिकाऊ निघालं. कोडमध्ये नाव न देता आकडी पत्ता द्या. ‘लोकल’ने संपणारी नावं जुन्या फोनना कळत नाहीत.

राहिलेलं काम राउटरच्या मिनी यूपीएसचं. लॅपटॉप बॅटरीवर तरतो, पण राउटर विजेबरोबर जातो. १२ व्होल्टचा, ५.५ × २.१ मिलिमीटर टोकाचा, मधला धन असलेला यूपीएस घ्यायचा आहे. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, म्हणून विकत घेण्याआधी राउटरच्या पोटाखालचा छाप वाचा. लोड लावून मल्टिमीटरने व्होल्टेज मोजलेलं कुणाकडे असेल तर मॉडेलसकट आकडे कळवा, त्यावरून पुढची खरेदी ठरवू.