रडी ले भाऊ

अप्पा गेल्यापासून झोप नीट नाही. रात्री अडीचला डोळे उघडतात आणि छातीत धडधड सुरू. आज धुळ्यात ऊन मरणाचं. संध्याकाळच्या प्रार्थनेला जायचं मनातच नव्हतं, पंख्याखाली तरी बसू म्हणून चर्चमध्ये गेलो. (लाइट गेलेली. असो.)

पाळकांनी स्तोत्र 42 काढलं. त्यात गाणारा स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? त्याच स्तोत्रात दोनदा, आणि 43 मध्ये पुन्हा तेच. म्हणजे एकदा विचारून त्याचंही भागलं नव्हतं! मी मात्र इतके दिवस समजत होतो, माझाच विश्वास कच्चा.

शेजारच्या आजींनी पाठीवर हात ठेवला, "रडी ले भाऊ." रडलो, अंधारात, पोटभर. मग त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, चक्क अहिराणीत. देवाशी असंही बोलता येतं हे विसरलोच होतो. अप्पा तसेच बोलायचे, बांधावर उभे राहून.

डॉक्टरांची गोळी चालूच आहे. ती बंद करू नको, हे पाळकांनीच बजावलंय.

आत्ता घरी आलो. कळण्याची भाकरी, ठेचा. किती दिवसांनी दुसरी भाकरी मागून घेतली, बायको बघतच राहिली.