आधी पाहिला तो पहिला

दुपारी तासभर रिकामा मिळाला होता. जुना 'डॉन' लावावा, सगळा नाही, आवडते दोन-चार तुकडे बघावेत आणि आडवं व्हावं, एवढाच बेत. यादीत 'डॉन' दोनदा होता. चष्मा दुसऱ्या खोलीत. बोट चुकलं आणि १९७८च्या ऐवजी २००६चा सुरू झाला. उठायचा कंटाळा आला म्हणून तोच बघत बसलो, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे चुका काढायला बसलो. इतकी वर्षं तत्त्व म्हणून न पाहिलेला सिनेमा समोर आयता आला होता.

आणि काढत होतोच. इथे तो असा वळला नव्हता. हे वाक्य म्हणण्याआधी एक श्वास होता, तो कुठे गेला? हिची नजर खाली असायला हवी. शेजारी भाचा बसला होता, वय वर्षं तेरा, जुन्याची त्याला गंधवार्ता नाही. थोडा वेळ त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मामा, तू पिक्चर बघतोयस की पेपर तपासतोयस?"

गप्प बसलो. शेवट आला आणि सोफ्यावरून उठलोच. शेवट सांगू नये म्हणतात, पण वीस वर्षं होत आली, आता कसलं गुपित. जुन्यात डॉन मरतो आणि त्याच्या जागी साधाभोळा विजय जाऊन बसतो, हे आपल्याला पाढ्यांसारखं पाठ. नव्यात अगदी शेवटी कळतं की मेला तो विजय. इतका वेळ आपण ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला होता, तो डॉनच. मी आ वासून बसलेला. भाचा म्हणाला, "मला वाटलंच होतं."

त्याला वाटणारच. फसायला जे भांडवल लागतं ते त्याच्याकडे नव्हतंच. ही सगळी फसवणूक जुना पाठ असलेल्यांसाठी रचलेली. मूळची पटकथा सलीम-जावेद यांची आणि नवा काढला जावेद अख्तरांच्या मुलाने, फरहानने. म्हणजे बापाच्या गोष्टीत मुलाने बापाच्याच प्रेक्षकांना गंडवलं. मला राग यायला हवा होता. आला नाही, आणि तेच दुपारभर टोचत राहिलं.

कारण या विषयावर माझं मत जाहीर आहे. जुन्याला हात लावायचा नाही. हे मी मोठ्याने सांगतो आणि बहुतेक लोक मान डोलावतात. एकदा मित्रांत बसलो असताना मी तावातावाने म्हणालो होतो, "उद्या कुणी 'अशी ही बनवाबनवी' पुन्हा काढायला घेतला, तर मी थिएटरसमोर आडवा पडेन." कोपऱ्यातले एक गृहस्थ, जे त्या संध्याकाळी दुसरं काहीही बोलले नव्हते, ते म्हणाले, "मग १९८८ साली का नाही पडलात?"

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. 'बनवाबनवी' हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'वरून, आणि तो १९५५च्या 'जय माँ काली बोर्डिंग' या बंगाली सिनेमावरून. ज्यातला अर्धा संवाद कुणी म्हटला की उरलेला अर्धा आख्खी खोली म्हणते, तो आपला सिनेमा तिसऱ्या हातचा निघाला. तेलुगू, कन्नडमध्येही ही बिऱ्हाडं फिरून आली आहेत म्हणे. घरी येऊन मी कर्तव्य म्हणून तो हिंदी शोधून पाहिला. पाहिला म्हणजे काय, लक्ष्या साडी नेसून कधी येतो याची वाट बघत बसलो. तो कसा येणार? मूळचा सिनेमा मला नकलेसारखा वाटला. नकलेसारखा, आणि वर थोडा उद्धट. आपल्या घरात आपल्याआधी कुणी राहून गेल्यासारखा.

त्या गृहस्थांना मी नंतर टाळतो.

तसं बघायला गेलं तर पाया घालणाऱ्यांनीच हे केलंय. फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि १९१७ साली तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली. १९३२ साली तोच हरिश्चंद्र बोलायला लागला, शांतारामबापूंच्या 'अयोध्येचा राजा'त. फाळक्यांची पहिली तारामती होती अण्णा साळुंके, म्हणजे पुरुष. बोलपटातली दुर्गा खोटे. तेव्हाही कुणीतरी थिएटरातून बाहेर पडताना म्हणालं असेलच, "ठीक आहे, पण तारामती म्हणजे साळुंक्यांचीच हो!" मी असतो तर मी म्हणालो असतो.

मेहबूब खान यांनी तर स्वतःचाच 'औरत' १९५७ साली 'मदर इंडिया' म्हणून पुन्हा केला. सतरा वर्षं मध्ये गेली, नायिका बदलली, पडद्यावर रंग आला. सावकार मात्र तोच, दोन्हीकडे कन्हैयालालच. व्याज तेवढं वाढलं असणार.

उलट मला 'सायको'चं आश्चर्य वाटतं. हिचकॉकचा १९६०चा. तो १९९८ साली गस व्हॅन सँट यांनी जवळजवळ दृश्यागणिक तसाच्या तसा केला. तीच पटकथा, तेच संगीत, फक्त रंगीत. माझ्यासारख्या पेपर तपासणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील असा. आणि बघताना अंगावर काटा येत नाही. लहानपणी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मी अशीच केली होती. सगळी वळणं बरोबर होती, पण सावकाश काढलेली होती. बाईंनी एका नजरेत पकडली.

'शोले'वरून २००७ साली जे निघालं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. त्यात गब्बर झालेल्या माणसाला मी जय म्हणून ओळखतो, एवढंच.

आणि तरी मी हे कुठल्या तोंडाने बोलतो? माझा पहिला 'देवदास' मी पाहिलेलाच नाही. ऐकलाय.

आजी सगळ्यांच्या शर्टांची तुटलेली बटणं साठवून ठेवायची आणि एका दुपारी लावायला बसायची. सुईत दोरा ओवायचं काम माझं. त्या बदल्यात सिनेमा. ती सांगायची म्हणजे सगळं करूनच दाखवायची. पारोचा आवाज वेगळा, चंद्रमुखीचा वेगळा, आणि देवदास बोलायला लागला की हातातलं बटण थांबायचं. दातांनी दोरा तोडला की मध्यांतर. गाणं ती सैगलसारखं नाकातून म्हणायची, आणि मी हसलो तर सुई उगारायची. तिने सैगलचा पाहिला होता, १९३५चा, परकरी वयात. दिलीपकुमारचा तिला पसंत नव्हता. "तो रडतो चांगला," ती म्हणायची, "पण सैगल रडायचा नाही, तरी आम्ही रडायचो."

आता गंमत अशी की सैगलच्या देवदासच्या कॅमेऱ्यामागे बिमल रॉय होते, आणि वीस वर्षांनी दिलीपकुमारला घेऊन तो पुन्हा काढला तोही बिमल रॉय यांनीच. हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर सांगायला आजी नव्हती. सांगितलं असतं तरी फरक पडला नसता म्हणा.

तर तिचा शेवट असा. रात्र. बैलगाडी पारोच्या दाराशी येते. देवदासला झाडाखाली उतरवतात. आत पारोला कळतं, ती धावत सुटते, माणसं "धरा, धरा" करतात, पण ती कुणाला ऐकत नाही, आणि येताना तिच्या हातात तांब्या असतो. देवदास पाणी पितो आणि मग डोळे मिटतो.

"प्यायला का?" मी दर वेळी विचारायचो.

"प्यायला की. दोन घोट."

मग पुढचं बटण.

मोठा झाल्यावर १९५५चा पाहिला. पारो धावली, दारं लोटली गेली, आणि मी वाट बघत बसलो की आता उघडतील. सिनेमा संपला. मला वाटलं, आमच्या प्रतीत काहीतरी कापलंय. आजीशी भांडलो. ती म्हणाली, "तुमच्यात नसेल. आमच्यात दिलं होतं पाणी." त्यावर तिने माझं काही ऐकून घेतलं नाही. २००२चा आला तेव्हा शेवट अर्थातच माहीत होता. केवढाली ती दारं, केवढा तो पदर, जिना संपता संपत नाही. लोक तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी हातांकडे.

शरच्चंद्रांची कादंबरी अनुवादातून वाचली ती तर त्याच्याही नंतर. त्यातही पारोच्या हातचं पाणी नाहीच. पण अगदी शेवटी लेखक गोष्ट सोडून सरळ वाचकांशी बोलतो. देवदाससारखं मरण कुणाला येऊ नये अशी प्रार्थना करा, म्हणतो. मरायला हरकत नाही, पण त्या वेळी कपाळावर मायेचा एक हात असावा, कुणाच्या तरी डोळ्यांतला एक थेंब बघत जाता यावं. मी पान तसंच उघडं ठेवून बसलो. आजीने हे पुस्तक वाचलेलं नव्हतं, याची मला खात्री आहे.

आजी गेली तेव्हा मी गाडीत होतो. पोचायला अजून चार तास होते.

"मामा, जुना लावायचा का आता?" भाच्याने विचारलं. चष्मा आणला, यादीतला वरचा की खालचा ते नीट बघितलं आणि जुना लावला. तो मांडी घालून बसला, मी उशी मागे घेतली. एकाही वाक्याला मी मध्ये बोललो नाही, याची नोंद व्हावी. डॉन मेला. भाच्याने माझ्याकडे मान वळवली.

"यात खरंच मेला?"

मी लगेच काही बोललो नाही.