एकाच टेबलावर दोन दहाव्या

२०२५ साली आमच्या घरात दहावीला दोघं होतो. थोरल्या जावेचा मुलगा आणि मी. तो पंधरा वर्षांचा, मी एकोणचाळीस. तो इंग्रजी माध्यमात, सीबीएसईला. मी सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून महाराष्ट्र बोर्डाला, मराठी माध्यमात. घरात आम्ही तेलुगू बोलतो, म्हणून तो मला पिन्नी, म्हणजे काकू, म्हणतो. मी घरीही शिवणाचं जॉबवर्क घेते, त्याचं कटिंगचं टेबल चांगलं सहा फुटी आहे. रात्री साडेनऊला कापड गुंडाळून ठेवलं की एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. वर्षभर असंच चाललं.

माझी शाळा आठवीनंतर सुटली, २००० साली. आई विड्या वळायची. हजार विड्यांचा हिशेब एकटीच्या हातानं पुरा होईना, म्हणून मी तिच्या शेजारी सूप घेऊन बसले, ती बसलेच. लग्नानंतर शिवणकाम आलं. सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत, इथला माल देशभर जातो. मी जिथं जायची तिथं सुपरवायझरची जागा निघाली. काम मला येत होतं, कितीतरी नव्या बायकांना मीच कॉलर लावायला शिकवलं होतं. पण जागेला दहावी पास हवी होती. त्या रात्री मी पुतण्याला विचारलं, “दहावी किती अवघड असते रे?”

तो म्हणाला, “कुठल्या बोर्डाची, पिन्नी?”

तोवर बोर्डाबोर्डांत फरक असतो हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता. आसपास एवढंच कानावर यायचं की एसएससी, म्हणजे महाराष्ट्र बोर्डाची दहावी, सोपी, तिथं मार्क वाटतात, आणि खरा अभ्यास सीबीएसईचा. मीही ते खरं मानून फॉर्म भरायला गेले.

सतरा नंबरच्या फॉर्मला वयाची वरची अट नाही. अर्ज ऑनलाइन, सोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार, फोटो, आणि संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडायची. माझ्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. केंद्रावरच्या एका बाबूंनी दाखला दोनदा उलटून पाहिला आणि “आता या वयात कशाला?” असं विचारलं. मागं रांगेत तीन मुली उभ्या होत्या, त्यांच्यादेखत. मी कागद पुरे करून दिले. पुढं हॉल तिकीट हातात आलं त्यावर माहेरचंच नाव होतं. चोवीस वर्षांनी ते नाव शाळेच्या कागदावर छापलेलं पाहून मला भरून आलं.

पुस्तकं आणली तेव्हा पहिला फरक वजनातच कळला. मला सहा विषय: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं. गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन, इतिहास-राज्यशास्त्र वेगळं, भूगोल वेगळा. म्हणजे लेखी पेपर नऊ. त्याला विषय पाच आणि पेपरही पाच. त्याचं सगळं विज्ञान एका पेपरात, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र मिळून दुसरा एक पेपर. गणिताची वेळ मोजली तर माझा चाळीस मार्कांचा पेपर दोन तासांचा, म्हणजे मार्काला तीन मिनिटं. त्याचा ऐंशीचा पेपर तीन तासांचा, मार्काला सव्वादोन. पेपर नऊ असले तरी मला श्वास घ्यायला थोडी जागा होती. त्याला पाचच, पण धावपळीचे.

दिवाळीनंतर आम्ही एक नेम धरला. रविवारी एकमेकांचे जुने पेपर सोडवायचे. त्यातून मला जे कळलं ते मला कोणी सांगून कळलं नसतं.

पहिल्याच रविवारी त्याला मी भूमितीचा पेपर दिला. शाळेत गणितात तो चांगला मानला जायचा. स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयापाशी तो अडला. त्याच्या दहावीच्या पुस्तकात वर्तुळाच्या धड्यात प्रमेयं दोनच आहेत, दोन्ही स्पर्शिकेची. माझ्या धड्यात आंतरलिखित कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका आणि जीवेतला कोन, एकमेकींना छेदणाऱ्या जीवा, अशी रांगच लागलेली. मग आली रचना. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायच्या होत्या. दहावीच्या गणितात आता त्याला रचना नाहीत, त्याच्या कंपासपेटीतली पेन्सिलही लहानपणची निघाली. मला मात्र रचना कधी जड गेल्या नाहीत. कापडावर खडूनं गळ्याचा गोल काढायची सवय हाताला होती. तसंच अर्थनियोजनाचं. त्यात जीएसटीची बिलं आहेत, केंद्राचा सीजीएसटी निम्मा, राज्याचा एसजीएसटी निम्मा, आणि कारखान्यातली बिलं मी रोज पाहत होते. शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव यांत मात्र महिनाभर गोंधळ झाला. त्याच्या पुस्तकात हा धडाच नाही. समीकरणं सोडवायची क्रेमरची पद्धतही नाही.

पुढच्या रविवारी त्याचा पेपर माझ्यासमोर. अडतीस प्रश्न, त्यातले वीस एकेका मार्काचे. शेवटी तीन उतारे, प्रत्येकी चार मार्कांचे. त्यांना ते केस स्टडी म्हणतात. इंग्रजीच्या त्या तीन परिच्छेदांपुढं मी हात टेकले. मग मी त्याला एक उतारा मराठीत सांगायला लावला. सभागृहात खुर्च्यांच्या रांगा, दर रांगेत आधीच्यापेक्षा ठरावीक खुर्च्या जास्त, एकूण किती. एवढंच! ती अंकगणिती श्रेढी होती. शिकाऊ बाई पहिल्या दिवशी वीस पीस काढते आणि रोज पाच वाढवते, तर महिन्यात किती, हा हिशेब आमच्या मालकांनी आमच्याकडून कितीदा करून घेतला आहे. मी ते गणित बरोबर सोडवलं. म्हणजे मला अडवलं होतं ते गणितानं नाही. हे कळल्यावर त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आनंदानं.

पण त्याच्या पेपरात एक गोष्ट खरोखर कठीण होती, आणि ती मान्य केलीच पाहिजे. प्रश्न कुठल्या धड्यातला आहे हे तो सांगत नाही. माझ्या पेपरात काही प्रश्न रिकाम्या चौकटी भरून कृती पूर्ण करण्याचे असतात, म्हणजे वाट आखलेली, पावलं आपण टाकायची. शेवटचा तीन मार्कांचा प्रश्न तेवढा वाट न दाखवणारा. त्याच्याकडं असे प्रश्न पेपरभर पसरलेले, आणि वर विधान-कारणाचे प्रश्न, ज्यांत दोन्ही वाक्यं खरी असूनही उत्तर चुकू शकतं. तो विज्ञानाचा चांगला अभ्यास करूनही या प्रश्नांवर सतत मार्क घालवायचा.

विज्ञानात आमची देवाणघेवाण झाली. माझ्या पुस्तकात गुरुत्वाकर्षण, केप्लरचे नियम, मुक्तिवेग, आवर्तसारणी, उत्क्रांती, अवकाश मोहिमा, आपत्ती व्यवस्थापन, सामाजिक आरोग्य, असं पुष्कळ काही. त्याच्या दहावीच्या पुस्तकातून आवर्तसारणी आणि उत्क्रांती हे भाग अलीकडं कमी केले आहेत. मात्र जे ठेवलं आहे ते खोलात. विजेच्या धड्यातले समांतर जोडणीचे रोध काढताना त्याचा घाम निघायचा. माझं रुंद, त्याचं खोल. रुंदीला पाठांतर लागतं आणि ते चाळिशीच्या उंबरठ्यावर सोपं नाही, हे मी अनुभवानं सांगते. सकाळी ओव्हरलॉकच्या मशीनवर बसून मी मुक्तिवेगाचं सूत्र पुटपुटत असायची.

सगळ्यात अवघड विषय कोणता, असं मला विचारलं तर मी गणित म्हणणार नाही. मी इतिहास म्हणेन. माझ्या दहावीच्या इतिहासात राजे आणि लढाया नाहीतच. पहिलाच धडा इतिहासलेखनाचा: व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, मायकेल फुको. इतिहास कसा लिहितात हे शिकवणारं पुस्तक आहे ते, चांगलं आहे, पण शिकवायला कोणी नसेल तर दगडावर डोकं आपटल्यासारखं होतं. भूगोल उलट फार गोड. पुस्तकभर भारत आणि ब्राझील शेजारीशेजारी ठेवून तुलना केली आहे. मी आजही ब्राझीलच्या नद्या सांगू शकते.

त्याच्या इतिहासात युरोपातला राष्ट्रवाद, मग भारतातला. एका रात्री तो टेबलाच्या त्या टोकावरून ओरडला, “पिन्नी, हे शोलापूर म्हणजे आपलंच?” पुस्तकात एक वाक्य होतं. गांधीजींना अटक झाल्यावर शोलापूरच्या गिरणी कामगारांनी पोलीस चौक्या, नगरपालिकेच्या इमारती, न्यायालयं आणि रेल्वे स्टेशनं यांवर हल्ले केले. एवढंच. माझे आजेसासरे गिरणीत होते. दुसऱ्या दिवशी मी त्याला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी घेऊन गेले. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये इथं मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्याला फाशी दिलं. त्यानं चारही नावं मोठ्यानं वाचली. मी म्हटलं, तुझ्या एका वाक्याच्या मागं एवढं आहे. त्या धड्यावरचा कुठलाही प्रश्न मग त्याला अवघड गेला नाही.

जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा आली. नंदीध्वज पाहून आले आणि लगेच टेबलावर बसले, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, गेले नाही. खरी कसोटी फेब्रुवारीपासून होती. जूनच्या शाळांचे युनिफॉर्म त्याच दिवसांत शिवून निघतात, कारखान्यात सीझन असतो आणि पिसावर पैसे असतात. परीक्षेच्या दिवशी मी गेले नाही की तो रोज बुडाला. सीबीएसईची परीक्षा १५ फेब्रुवारीला सुरू झाली, माझी २१ ला. माझी १७ मार्चपर्यंत चालली. सकाळी अकराला पेपर. पूर्वीची सुरुवातीची दहा मिनिटं आता शेवटी जोडून देतात, भूमितीला मला तीच कामी आली. माझ्या बाकावरून खिडकीतलं ऊन दिसायचं, आणि शेजारची मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. इंग्रजीच्या पेपराला तिनं मला तिचं जादा पेन दिलं.

निकाल दोन्ही बोर्डांचा एकाच दिवशी लागला, १३ मे २०२५ ला. महाराष्ट्र बोर्डाचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के, सीबीएसईचा देशाचा ९३.६६. घरात एकाच मोबाइलवर दोन्ही पाहिले. त्याला ५०० पैकी ४१७, म्हणजे ८३.४० टक्के, गणितात ७१. मला मराठी ७६, सामाजिक शास्त्रं ७३, हिंदी ७१, विज्ञान ५५, गणित ४७, इंग्रजी ४४. आमच्याकडं सर्वोत्तम पाच विषय धरतात, म्हणून इंग्रजी गळलं आणि ६४.४० टक्के झाले. जावेनं आधी मला पेढा भरवला, मग त्याला.

एसएससी सोपी म्हणणाऱ्यांना मला याच ठिकाणी काही सांगायचं आहे. गणितात अंतर्गत मूल्यमापनाचे मला वीसपैकी सोळा मिळाले होते. पास व्हायला पस्तीस लागतात, म्हणजे लेखीत ऐंशीपैकी एकोणीस पुरे होते. ते खरंच आवाक्यातलं आहे, आणि असावंच, नाहीतर माझ्यासारख्या कुठं जातील? पण त्याच पेपरात नव्वद हवे असतील तर लेखीत चौऱ्याहत्तर लागतात. प्रमेयाची एक पायरी विसरली की ते हुकलं. पस्तीसची परीक्षा आणि नव्वदची परीक्षा एकाच कागदावर छापलेली असते, पण त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. सीबीएसईतही तसंच, तिथं पास तेहतीसला आहे आणि गणितात तर त्यांनी स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पेपरच केले, पुस्तक एकच ठेवून. आमच्याकडंही पूर्वी सामान्य गणिताचा पर्याय होता, तो बंद झाला. मला तो परत यावा असं मनापासून वाटतं. कामावर जाणाऱ्या बायांसाठी तरी.

अकरावीचे प्रवेश त्या वर्षी पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. पुतण्याचे ८३.४० त्याच यादीत, जिथं एसएससीची नव्वदीची मुलं, कोणाला चित्रकलेच्या ग्रेडचे मार्क जोडलेले, तेही त्यांनी परीक्षा देऊनच मिळवलेले. त्याला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं नाही आणि तो दोन दिवस जेवला नाही. मला वाईट वाटलं ते यादीचं. एक तागा मीटरनं मोजायचा, दुसरा वारानं, आणि आकडा कोणाचा मोठा ते बघायचं, असं आम्ही कापडाच्या बाबतीत कधी करत नाही. दुसऱ्या पसंतीला त्याला सायन्स मिळालं. अकरावीच्या पहिल्याच महिन्यात रसायनशास्त्रात आवर्तसारणी लागली तेव्हा तो माझं दहावीचं विज्ञान, भाग एक, मागून घेऊन गेला. ते पुस्तक अजून त्याच्याच टेबलावर आहे.

मी सुपरवायझर झाले. माझ्या लाइनमधली एक जण, नववीत शाळा सुटलेली, यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरते आहे. तिला मी भूमितीचं पुस्तक आणि कंपासपेटी दिली आणि सांगितलं, वर्तुळाचा धडा आधी काढ, आणि जानेवारीच्या आत संपव, फेब्रुवारीत सीझन लागतो.